ओवीचा आवाज वाटेत हरवू नये म्हणून



आमच्या गटाने गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. त्यांतल्या दोघी आता नाहीत. त्यांचा आवाज आहे तो गटाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्यात लिरियन म्युझिक सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पूर्वी त्याला लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणायचे, २०२४ साली नाव बदललं. ते गाण्यांची यादी सांभाळतं आणि वायफायवरून गाणं दुसऱ्या खोलीत पाठवतं. तिथे तळहाताएवढा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर आहे, त्याला स्पीकर जोडलाय.

यंदा आम्ही सर्व्हरची नवी आवृत्ती घातली. आवाज सुधारला का? काही ओव्यांचा सुधारला, काहींचा तसूभरही नाही.

त्याचं कारण असं. एमपी३ करताना कानाला कमी जाणवतील असे बारकावे गाळून टाकतात. तासाभराचं सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग साधारण ६३५ एमबीचं असतं, ते १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये ५८ एमबीवर येतं. चाळून कोंडा टाकून दिला की टाकला. नवी चाळणी आणली म्हणून तो परत येत नाही. ज्या ओव्या आमच्याकडे एमपी३मध्येच आल्या, त्या नव्या सॉफ्टवेअरवरही तशाच वाजतात. कुणी याच्या उलट सांगून काही विकत असेल, तर पैसे कनवटीलाच राहू द्या.

फ्लॅक फाइलचं तसं नाही. दाणे हलवून हलवून भरलेल्या पोत्यासारखी ती असते. जागा कमी, दाणा एकही कमी नाही. आमच्या बऱ्याच ओव्या फ्लॅकमध्येच होत्या, तरी स्पीकरवर त्या कोंदट यायच्या. नवी आवृत्ती घातल्यावर सगळ्या सेटिंग एकेक करून पाहिल्या, तेव्हा कळलं की त्या स्पीकरसाठी बिटरेटची मर्यादा लावलेली होती. सर्व्हर चांगली फाइल वाटेतच एमपी३ करून पाठवत होता. मर्यादा काढली. आता जात्याची घरघर वेगळी ऐकू येते, आणि दोन ओळींमध्ये आजीने घेतलेला श्वाससुद्धा. खरं म्हणजे हे काम आवृत्तीपेक्षा त्या सेटिंगने केलं.

क्रॉसफेडही बंद केला. त्यात एका गाण्याचा शेवट पुढच्यावर चढतो. लग्नाच्या गाण्यांना चालेल, पण ओवी असते एवढीशी, तिचे पहिले शब्दच बुडतात. ही सेटिंग प्रत्येक स्पीकरला वेगळी असते, म्हणून प्रत्येकाची बघायची.

नवी आवृत्ती घालण्याआधी सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. सर्व्हर गाण्यांच्या फाइलना हात लावत नाही, यादी तेवढी नव्याने बनवतो. पण जुना कॉम्प्युटर कधी मान टाकेल, त्याचा काय नेम!

ब्लूटूथवर आवाज पुन्हा दाबला जातो, म्हणून आम्ही स्पीकर वायरने जोडतो. तुम्ही फोनवर रेकॉर्ड करत असाल आणि त्यात वेव्हची सोय असेल, तर तीच घ्या. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे ती आहे तशी पोचते. कुणाकडे सासूच्या, आईच्या ओव्या फोनमध्ये पडून असतील, तर गटाच्या बैठकीला फोन आणि वायर दोन्ही घेऊन या. तिथेच कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ.