अंगठ्यामागचा खळगा

"मनगट दुखतंय," असं सांगत पेशंट आला, की डॉक्टर म्हणतात, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे?" या प्रश्नाला एवढं महत्त्व का, ते आज पाहू. जमत असेल, तर ऐकता ऐकता आपलाच हात समोर घ्या.

तळहात टेबलावर उपडा ठेवा आणि बाकीची बोटं न हलवता फक्त अंगठा छताकडे उचला. अंगठ्यापासून मनगटाकडे तिरकी जाणारी एक दोरी ताठ झालेली दिसेल. आता हात करंगळीच्या कडेवर उभा करा आणि अंगठा मागे ताणा. मनगटाच्या कडेला दुसरी दोरी वर येईल. ती दिसते एक, पण त्या असतात दोन, एकमेकींना खेटून चालणाऱ्या. या दोन्ही बाजूंच्या मध्ये जो त्रिकोणी खळगा पडतो, त्याला शरीरशास्त्रात 'तपकिरीची डबी' म्हणतात. पूर्वी शौकीन लोक तपकीर तिथेच ठेवून ओढायचे.

या दोऱ्या म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या. अंगठा मागे ओढणारे हे तिन्ही स्नायू अंगठ्यात नाहीतच, ते आहेत मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात. त्यांची ओढ अंगठ्यापर्यंत पोचते ती मनगटावरून. तिथे हाताच्या पाठीवर एक आडवा चिवट पट्टा असतो आणि त्याच्याखाली सहा अरुंद बोगदे. नेफ्यातून नाडी सरकावी, तशा कंडरा त्यांतून मागेपुढे सरकतात.

कडेच्या दोन कंडरांचा बोगदा पहिला. त्याचं अस्तर जाड झालं, की जागा कमी पडते आणि अंगठा हलवला की कळ येते. स्विस सर्जन फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी 1895 साली या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. तान्ह्या बाळाच्या आईला हा त्रास बऱ्याचदा होतो. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे फाकवून, मनगट वाकवून त्याला दिवसभर उचलायचं, म्हणजे सगळा ताण याच दोन कंडरांवर. अंगठ्यासकट मनगटाला आधार देणारा पट्टा, विश्रांती आणि गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. काहींच्या बोगद्यात मात्र मधोमध एक पडदा असतो. औषध एकाच कप्प्यात गेलं, तर दुसरा तसाच राहतो आणि मग कधी कधी बोगद्याचं छत उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

खळग्याच्या दुसऱ्या कडेची कंडरा मनगटामागच्या हाडाच्या एका उंचवट्याला वळसा घालून अंगठ्याकडे येते. मनगटाचं हाड मोडल्यावर, जागेवरून फारसं हललेलं नसलं तरी, काही आठवड्यांनी ही कंडरा त्या वळणावर झिजून तुटू शकते. दुखणं फारसं नसतं. पण तळहात उपडा ठेवला, की अंगठा वर उचलत नाही. असं झालं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जायलाच हवं.

उरला खुद्द खळगा. त्याच्या तळाशी स्केफॉइड नावाचं छोटं हाड आहे. पडताना आपण हात टेकतो, तेव्हा ते मोडू शकतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, त्यामुळे मध्येच मोडलं, तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो आणि निकामीही होऊ शकतो. शिवाय पहिल्या एक्स-रेत ही मोड कधी कधी दिसतच नाही. म्हणून पडल्यानंतर खळग्यात दाबून दुखत असेल, तर "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्या आणि तोवर हाताला आधार असू द्या.