सुगंधाचं गाव ग्रास

दक्षिण फ्रान्समध्ये, कान शहराच्या मागच्या डोंगरउतारावर ग्रास हे जुनं गाव वसलंय. मध्ययुगात इथं कातडी कमावण्याचा धंदा जोरात होता. कातड्याचा उग्र दर्प लपवण्यासाठी सोळाव्या शतकात सुगंधी हातमोजे तयार होऊ लागले. पुढं चामडं मागं पडलं आणि सुगंध हाच गावाचा मुख्य व्यवसाय झाला.

इथली चमेली पहाटेच खुडतात, कारण ऊन चढलं की तिचा दरवळ ओसरतो. पूर्वी लाकडी चौकटीतल्या काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुलं मांडत. कोमेजलेली फुलं वेचून काढायची, नवी मांडायची, असं कित्येक दिवस चाले. चरबीत मुरलेला सुगंध शेवटी अल्कोहोलच्या साहाय्यानं वेगळा करत.

२०१८ मध्ये युनेस्कोनं ग्रास परिसरातल्या या सुगंधविद्येला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. इथलं आंतरराष्ट्रीय सुगंध संग्रहालय आवर्जून पाहावं असं आहे. गुलाबाचा बहर पाहायचा असेल तर मे महिन्यात जा, चमेलीसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ निवडा. फुलं शेतात असतानाच ग्रासला जा. तेव्हाच हे गाव खऱ्या अर्थानं कळतं.