सासूबाईंनी पाहिला राज्याभिषेक

हडपसरच्या आमच्या बचत गटानं टेम्पो ठरवून ‘जाणता राजा’ पाहायचं ठरवलं. बाबासाहेब पुरंदरे यांचं १९८५ साली सुरू झालेलं हे महानाट्य. उघडं मैदान, खरे हत्ती-घोडे, दोनशेवर कलाकार.

घरातून प्रश्न आला, “रात्री बायकांनी कशाला जायचं?” मी सासूबाईंनाच सोबत घेतलं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत.

राज्याभिषेक पाहताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. परतताना मी सांगितलं, “हा सोहळा ६ जून १६७४ चा. १७ जूनला जिजाऊ गेल्या.”

“म्हणजे अकराच दिवस सुख बघितलं माउलीनं!” त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, असा खेळ लागला तर परतीची गाडी आधी ठरवा आणि घरातल्या म्हातारीला आवर्जून न्या.