हिशेबाच्या चार हजार वह्या



हिशेबासारख्या रुक्ष विषयाला इतकी मंडळी जमली याचे मला नवल वाटते. घरी पन्हे वाट पाहत असेल, तेव्हा फार वेळ घेत नाही.

एका पतसंस्थेच्या चार हजार सभासदांचे वार्षिक उतारे काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. प्रत्येकाची एक एक्सेल फाईल. सर्वसाधारण सभा दोन दिवसांवर आलेली. प्रोग्रॅम पन्नास सभासदांवर तपासला, उत्तम चालला. रात्री तो सुरू करून मी निजलो. सकाळी पाहतो तो संगणकाची मेमरी संपून प्रोग्रॅम बंद पडलेला, आणि डिस्कवर एकही फाईल नाही!

एकही का नाही? कारण तयार झालेली प्रत्येक वही मी एका यादीत ठेवीत होतो. म्हटले, शेवटी सगळ्या एकदम साठवू. शहाणा कारकून वही लिहून झाली की कपाटात ठेवतो. मी चार हजार वह्या एकाच मेजावर उघड्या रचीत होतो. मेमरी म्हणजे ते मेज आणि डिस्क म्हणजे कपाट.

शिवाय ही वही कपाटात दिसते तेवढी लहान नसते. 2007 पासूनची एक्सेलची फाईल म्हणजे आवळून बांधलेले झिपचे गाठोडे. मेजावर मात्र एकेक घर स्वतंत्र वस्तू होऊन बसते : त्यात आकडा, त्याची सजावट, आणि आपण कोणत्या पानावरचे याची खूणही. पायथन भाषेतल्या ‘ओपनपायएक्सेल’ या साधनाच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे की, मेमरी मूळ फाईलच्या सुमारे 50 पट लागते. म्हणजे 50 एमबीच्या फाईलला अडीच जीबी!

उपाय अगदी साधा निघाला. एक वही करावी, साठवावी, आणि तिचा नाद सोडावा. नाद सोडणे मात्र वाटते तितके सोपे नाही. वही पानाला धरून असते, पान वहीला. अशी एकमेकांत अडकलेली जोडी पायथन तत्काळ टाकून देत नाही. त्याचा झाडूवाला आपल्या सवडीने येतो. म्हणून मी दोनदोनशे उताऱ्यांची तुकडी वेगळ्या प्रक्रियेत चालवली. प्रक्रिया संपली की सारे मेज आपोआप रिकामे. सभेच्या आदल्या रात्री शेवटची फाईल कपाटात पडली.

राहिली ती सर्व व्यवहारांची एकच मोठी नोंदवही. (एका पानावर 10,48,576 ओळी मावतात, तेव्हा जागेची चिंता नव्हती.) तिथे तुकड्या करून भागेना. तिच्यासाठी ‘केवळ लेखन’ अशी रीत आहे : ओळ लिहिली की ती मेजावरून थेट डिस्कवर जाते. मेमरी थोडकीच लागते, पण लिहिलेल्या ओळीकडे पुन्हा वळता येत नाही. खाडाखोड नाही, मागाहून भर नाही.

आणि चेअरमनसाहेबांना एकूण बेरीज नेमकी पहिल्या ओळीत हवी होती! मी ती आधी डेटाबेसकडून मागून घेतली, वर लिहिली, आणि मग खाली उतरलो.