उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

काशीला गंगेपलीकडच्या रामनगरात रामलीला जवळजवळ महिनाभर चालते. पूर्ण लीला पाहायला राहिलात आणि गाडी तशीच उभी ठेवलीत, तर घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांचा ५० मिलिअँपिअर प्रवाहही ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास खातो. छोट्या गाडीची बॅटरी असते साधारण ३५ची! म्हणजे काही बिघाड नसतानाही ती उतरणार. तेव्हा गाडी लावतानाच निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा.

पण दोन-तीन दिवसांतच बॅटरी बसत असेल, तर चोरटा प्रवाह शोधायलाच हवा. किल्ली काढा, दारं लावा. मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि सोडवलेली केबल यांच्यामध्ये जोडा. मग अर्धा तास थांबा. गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग शांत व्हायला तेवढा वेळ लागतो, घाईत घेतलेलं माप हमखास फसवतं. मीटर जोडलेला असताना गाडी चुकूनही सुरू करू नका. आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर दिसला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, दोष त्याच लाइनवर. बरेचदा डिकीतला दिवा किंवा बाहेरून बसवलेला स्टिरिओ. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या.