इंजिनाचा जोर आणि गाडीचा वेग

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आपल्या पुसदवरून जायचा आहे. या डोंगराळ भागात गाडी किती चपळ धावेल, हे केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरत नाही.

उदाहरणार्थ, डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं विजेवरचं इंजिन. त्याचं गिअरचं प्रमाण बदलून प्रवासी गाड्यांचं डब्ल्यूएपी-७ तयार झालं. दोघांची ताकद सारखीच, सहा हजार अश्वशक्तीहून थोडी जास्त. मात्र मालगाडीच्या इंजिनात मोटर साधारण पाच वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. प्रवासी इंजिनात साडेतीन वेळांतच. त्यामुळे पहिल्याची ओढ सुमारे ४६० किलोन्यूटन, दुसऱ्याची सुमारे ३२०. बदल्यात दुसरं ताशी १४० किलोमीटरपर्यंत धावू शकतं. घाटात मोटारसायकल खालच्या गिअरवर घ्यावी, तसंच हे गणित. फक्त इथे धावताना गिअर बदलता येत नाही, कारखान्यात बसवला तोच कायमचा.

मग अश्वशक्तीचं काम काय? सुटताना चाकं रुळावर घसरू न देता जेवढं ओढता येईल तेवढीच ओढ कामाची. वेग वाढला की तीच शक्ती वाटली जाते आणि ओढ घटते. म्हणूनच ताशी ८० वरून ११० गाठायला खरी अश्वशक्ती लागते.

शेजारच्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला या रेल्वेगाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. त्याला गिअरच नव्हते! पिस्टनचा दांडा थेट चाकाला जोडलेला, म्हणून चाक केवढं मोठं यावर मुख्यतः वेग ठरायचा.