इटलीत कॉफी घेण्याची रीत

इटलीतल्या कोणत्याही शहराचा दिवस कॉफीच्या बारमध्ये सुरू होतो. कामावर निघालेला माणूस आत शिरताच ‘बोंजोर्नो’ म्हणतो, काउंटरशी उभा राहतो, चिमुकल्या कपातली एस्प्रेसो दोन-तीन घोटांत संपवतो आणि वाटेला लागतो. नमस्कार-चमत्कार न करता थेट कॉफी मागणे तिथे उद्धटपणाचे वाटते. परक्या पाहुण्यानेही ‘बोंजोर्नो’ म्हटले की समोरचा चेहरा लगेच खुलतो.

गर्दीच्या बारमध्ये, विशेषतः रेल्वे स्थानकांवर, आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती दाखवून कॉफी मागायची असा रिवाज आहे. उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त पडते. टेबलाशी बसले की तीच महाग होते. व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर कितीतरी पट.

दुधाची कापुचिनो ही न्याहारीची. भरल्या पोटी दूध पचत नाही अशी ठाम समजूत असल्याने जेवणानंतर बहुतेक जण बिनदुधाचीच कॉफी घेतात.

या झटपट कॉफीमागे यंत्रांची परंपरा आहे. तोरिनोच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवरच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेका कपापुरती ताजी कॉफी काढण्याची सोय केली. घरोघरी मात्र १९३३ पासूनचे बियालेत्ती यांचे अष्टकोनी ‘मोका’ भांडेच चुलीवर चढते.

नेपल्समध्ये कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो. पाणी आधी प्यायचे, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची खरी चव कळते. याच शहराची ‘काफे सोस्पेसो’ ही प्रथा इटलीतल्या साऱ्या रीतींत सर्वांत लोभस म्हणावी लागेल. गिऱ्हाईक एक कॉफी पिते आणि दोन कॉफींचे पैसे देते. दुसरी कॉफी कुणा अनोळखी माणसाच्या नावे शिल्लक राहते. पुढे खिसा रिकामा असलेला कुणी दारात येऊन ‘सोस्पेसो आहे का?’ एवढेच विचारतो, आणि असेल तर त्याला इतरांसारखीच गरम कॉफी मिळते. देणारा आणि घेणारा एकमेकांना पाहत नाहीत, त्यामुळे कुणाला मिंधे वाटत नाही. पाहुण्यालाही यात सहभागी होता येते. गल्ल्यावर एका जास्तीच्या कॉफीचे पैसे देऊन ‘सोस्पेसो’ म्हटले की झाले.